लांब पायांची करडी

हाल्सकोटच्या बेग्गाच्या एडक्याच्या पाठीवर हात ठेवला, की परीक्षकाचा चेहरा आपोआप खुलायचा. रुंद, सपाट, मांसल पाठ. आखूड, भक्कम पाय. लोकर अशी पांढरी, की बर्फात उभा केला तर आधी डोळेच दिसावेत. आमच्या आइसलँडच्या या खोऱ्यात दर ऑक्टोबरात एडक्यांचं प्रदर्शन भरतं, आणि बेग्गाचा एडका पहिला आला नाही तर लोक म्हणायचे, परीक्षकाचीच तब्येत बरी दिसत नाही. तिच्या घरातल्या फडताळावर चषक मावत नव्हते. दोन-तीन तर तिनं खिडकीत ठेवून त्यांत सुया-दोरे भरले होते.

एवढं असूनही बेग्गा सुखी नव्हती. कारण नदीपलीकडे तिची धाकटी बहीण ह्रेफ्ना राहायची, आणि ती सुखी होती.

ह्रेफ्नाच्या मेंढ्या म्हणजे सगळा आनंदीआनंद. करड्या, काळ्या, ठिपक्याठिपक्यांच्या, कुणाचं शिंग एकीकडे तर कुणाचं भलतीकडे. पाय लांबच लांब, कंबर अरुंद. प्रदर्शनात तिचा एडका शेवटून दुसरा आला की ती खदखदून हसायची आणि त्याच्या गळ्यात हात टाकून म्हणायची, "बघ, शेवटचा नाही आलास!" मग सगळे लोक तिच्याच स्वयंपाकघरात कॉफी प्यायला जमायचे, कारण तिच्यासारखी पातळ, साखर घालून गुंडाळलेली धिरडी खोऱ्यात दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. बेग्गा चषक काखेत मारून एकटी घरी यायची. पलीकडे ह्रेफ्नाच्या अंगणात उभ्या असलेल्या गाड्या तिला खिडकीतून दिसायच्या. त्या मोजायच्या नाहीत असं ती दर वर्षी ठरवायची, आणि दर वर्षी मोजायची.

हे दुखणं जुनं होतं. दोघी तरुण होत्या तेव्हा खोऱ्यात रिदा आला होता. रिदा म्हणजे मेंढ्यांची थरथरी. मेंढी आधी दचकायला लागते, मग खांबाला अंग घासून घासून लोकर उपटते, मग पाय उचलून विचित्र चालते, आणि मग पडते. औषध नाही, लस नाही. एका मेंढीला झाला की अख्खा कळप मारायचा, गोठ्याचं लाकूड जाळायचं, आवारातली माती खरवडून फेकायची आणि गोठा दोन हिवाळे रिकामा ठेवायचा. दोघींच्या वडिलांनी आपला कळप ट्रकमध्ये चढताना पाहिला, त्यानंतर ते नीट जेवले नाहीत आणि पुढच्या वर्षी गेले. हाल्सकोट, म्हणजे वडिलांचं घर आणि गोठा, बेग्गाकडे आलं. ह्रेफ्नाचं नुकतंच लग्न झालं होतं. ती पलीकडे सासरी होती, आणि तिचाही गोठा तसाच ओसाड पडलेला.

दोन हिवाळे सरल्यावर पश्चिमेच्या खाड्यांकडून नवी, निरोगी कोकरं आली. भांडणं नकोत म्हणून ती चिठ्ठ्या टाकून वाटायची असं पंचायतीनं ठरवलं. बेग्गानं चिठ्ठी उचलली, तर तिच्या वाट्याच्या कोकरांत एक लांब पायांची करडी आली, गुडघे आत वळलेली, बघावंसं न वाटणारी. ह्रेफ्नाच्या वाट्याला एक पांढरंशुभ्र, रुंद पाठीचं कोकरू आलं. बेग्गाच्या काळजात कळ उठली. साऱ्या खोऱ्यात तसं कोकरू नव्हतं, आणि ते या हसऱ्या मुलीला, जिला पाठ आणि पोट यांतला फरक कळत नव्हता!

"बदलून दे," बेग्गा म्हणाली.

"का?"

"बाबांचा गोठा मला चालवायचाय. तुला काय, तू नुसत्या पाळणार. तुला करडी काय आणि पांढरी काय."

ह्रेफ्नानं क्षणभर बहिणीकडे पाहिलं. मग हसली आणि म्हणाली, "घे बाई. एवढं तोंड नको पाडूस."

तिथून पुढे बेग्गाचे सगळे चषक त्या पांढऱ्या कोकराच्या वंशातून आले. आणि तरी ह्रेफ्ना ज्या सहजपणे "घे बाई" म्हणाली ते बेग्गाला कधी पचलं नाही. आपण हिसकावून घ्यावं आणि समोरच्याला त्याचं काहीच वाटू नये, यापरतं दुसरं दुःख नाही. अशी माणसं आमच्या खोऱ्यात बरीच आहेत, पण बेग्गानं त्यात नाव काढलं.

वर्षं गेली. शेजारच्या खोऱ्यात पुन्हा रिदा निघाला आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा जनावरांचा सरकारी डॉक्टर सोल्वी यानं गावच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं. सोल्वी भला माणूस, पण त्याला प्रयोगशाळेतलं बोलणं साध्या माणसाला कळेल असं सांगता यायचं नाही. त्या दिवशी मात्र त्यानं टेबलावर विणलेल्या स्वेटरांचा ढीग ठेवला.

"प्रत्येक मेंढीच्या मेंदूत एक प्रथिन असतं," तो म्हणाला. "तुमच्या-माझ्याही असतं. ते काही परकं नाही, घरचंच आहे. निरोगी मेंढीत ते निमूट आपलं काम करतं. त्याची एक ठरावीक घडी असते, या स्वेटरासारखी." त्यानं एक स्वेटर नीट घडी करून ठेवला. मग दुसऱ्याच्या बाह्या पिळून त्याचा बोळा केला. "कधीतरी एखाद्याची घडी बिघडते. बिघडलेलं प्रथिन शेजारच्या चांगल्याला भिडतं आणि त्यालाही आपल्यासारखंच पिळून टाकतं. ते पुढच्याला, पुढचं त्याच्या पुढच्याला. असं होत होत मेंदूची चाळण होते. हाच रिदा. बाहेरून जंतू येऊन मेंदू खात नाही, घरातलेच फितूर होतात."

"आमच्या पंचायतीसारखं," मागून कुणीतरी म्हणालं आणि सभागृह हसलं.

"पण काही मेंढ्यांत," सोल्वी हसू ओसरायची वाट न बघता म्हणाला, "हे प्रथिन ज्या मण्यांचं बनतं त्यातला एक मणी वेगळा असतो. तेवढ्यानं ती घडी अशी घट्ट बसते, की कुणी कितीही भिडलं तरी पिळली जात नाही. अशा मेंढीला रिदा होत नाही म्हटलं तरी चालेल. आपल्या देशात तशी मेंढी उरलीय का, ते शोधायचंय. सगळ्यांनी आपापल्या मेंढ्यांच्या कानाचा तुकडा तपासायला द्यायचा."

बेग्गानं सगळ्यांत आधी दिला. तिला खात्रीच होती. चांगलं जे काही असेल ते चांगल्या मेंढीतच असणार.

निकाल आला तेव्हा बेग्गाच्या कळपात एकही निघाली नाही. अख्ख्या खोऱ्यात तो वेगळा मणी एकाच गोठ्यात सापडला. ह्रेफ्नाच्या. तिथेही सगळ्यांत नाही, फक्त त्या लांब पायांच्या, गुडघे वळलेल्या करड्या घराण्यात. बेग्गानं बदलून दिलेल्या कोकराच्या नाती, पणत्या आणि खापरपणत्यांमध्ये.

बेग्गाच्या पोटात जी आग पडली ती विझेना. ती स्वयंपाकघरात उभ्यानं फिरत राहिली आणि स्वतःशीच बोलत राहिली, "माझी होती ती. चिठ्ठी माझी होती. मूळ ती माझीच." आपण ती कशी दिली, हे तिला त्यात आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं, म्हणूनच तर जास्त जळत होतं.

त्या सप्टेंबरात, उन्हाळाभर डोंगरावर एकत्र चरलेल्या सगळ्यांच्या मेंढ्या खाली आल्या तेव्हा वाटणीच्या वाड्यावर ही गर्दी झाली. मधे गोल आवार, भोवती पाकळ्यांसारखे प्रत्येक शेतकऱ्याचे कप्पे. कानावरची खूण बघायची, शिंग धरायचं, मेंढीला दोन पायांत पकडायचं आणि आपल्या कप्प्यात लोटायचं. हाल्सकोटचा कप्पा ह्रेफ्नाच्या कप्प्याला लागूनच. एरवी लोक बेग्गाच्या कप्प्याशी थांबून तिच्या कोकरांच्या पाठी चाचपायचे. त्या दिवशी टीव्हीवाले आले आणि बेग्गाच्या फळीला टेकून, तिच्याकडे पाठ करून, ह्रेफ्नाच्या करड्यांचं चित्रीकरण करत बसले.

"सरका जरा," बेग्गा म्हणाली. "माझ्या मेंढ्या घुसमटतायत."

"हो हो, माफ करा आजी," टीव्हीवाला म्हणाला. "तुमच्याकडे पण आहेत का तसल्या?"

आजी! बेग्गाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पलीकडून ह्रेफ्ना ओरडली, "अहो, या घराण्याची आजी खरं तर तिच्याच वाट्याची! माझ्या बहिणीनं दिलीय मला!"

ह्रेफ्नानं ते मनापासून म्हटलं होतं. बेग्गाला मात्र भर वाड्यात थोबाडीत बसल्यासारखं वाटलं.

थोड्या दिवसांनी ह्रेफ्ना धिरडी घेऊन आली आणि टेबलाशी बसली. "हे बघ बेग्गा, डिसेंबरात माझा करडा एडका घेऊन जा. तुझ्या मेंढ्यांवर सोड. निम्म्या कोकरांत तरी तो मणी येईल."

"आणि पाठ?"

"काय पाठ?"

"पाठ गं, पाठ! तुझ्या एडक्याची पाठ बघितलीस? कोकरं कशी होतील? शिडीला पाय फुटल्यासारखी!"

"पण जिवंत राहतील ना."

"माझ्या मेंढ्यांना काही होत नाही. तुझी मेहेरबानी नकोय मला."

"मेहेरबानी कसली? तूच म्हणतेस ना, मूळ ती तुझीच?"

हे हिला कुणी सांगितलं, याचा विचार करत बेग्गानं धिरड्यांची ताटली झाकली. "ताटली उद्या पाठवते," ती म्हणाली. ह्रेफ्ना कॉफी न पिताच उठली. पुन्हा येईन, असंही म्हणाली नाही.

एडक्याला मात्र मानापमानाशी देणंघेणं नव्हतं. त्या डिसेंबरात नदी पक्की गोठली आणि ह्रेफ्नाचा करडा एडका बर्फावरून सरळ चालत येऊन बेग्गाच्या गोठ्यात शिरला. तिला तो सापडला तेव्हा चाऱ्याच्या गव्हाणीपाशी असा ऐटीत उभा होता, जणू आमंत्रण होतं. तिनं त्याला शिंग धरून, शिव्या देत, नदीपलीकडे हाकलला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मे महिन्यात तिच्या शुभ्र मेंढ्यांना लांब पायांची कोकरं झाली, त्यातलं एक तर थेट करडं.

बेग्गानं शरद येताच ती सगळी खाटीकखान्यात धाडली. एक सोडून. ती करडी तिनं मुद्दाम ठेवली, ते का हेही सांगायला हवं: लोकांना दाखवायला. कुणी आलं की ती गोठ्याचं दार उघडायची आणि म्हणायची, "बघा, बघा, देशाला तारणारी मेंढी! हे गुडघे बघा! ही कंबर बघा! टीव्हीवर दाखवतात ती हीच बरं का!" आणि लोक हसले की तिच्या जळत्या जिवाला घटकाभर गार वाटायचं. करडीचं नाव तिनं महाराणी ठेवलं. चारा सगळ्यांत शेवटी महाराणीला.

त्या पुढच्या हिवाळ्यात, एका सकाळी, बेग्गा तिच्या सगळ्यांत देखण्या मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत होती. ती सवयीनं रोज फिरवायची. हात कमरेपाशी आला तसं मेंढीनं मान वर केली आणि ओठ चावायला लागली, हवेतलं काहीतरी कुरतडत असल्यासारखी. बेग्गाचा हात तिथेच थबकला. वडिलांच्या गोठ्यात तिनं हे पाहिलं होतं. तिनं पुन्हा कंबर खाजवली. पुन्हा तेच. मेंढीला बाहेर काढलं, तर उंबऱ्यापाशी ती दचकली आणि नसलेल्या ओंडक्यावरून उडी मारावी तशी चालली.

बेग्गा गवताच्या गठ्ठ्यावर बसली. तिला रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की ह्रेफ्नाच्या करड्यांना काही होणार नाही. दुसरा त्याहून वाईट होता: व्हावं. तिच्याही गोठ्यात व्हावं, तिच्याही मेंढ्या ट्रकमध्ये चढाव्यात, म्हणजे मी एकटी नसेन. हे असं कुणाच्या मनात येतं हे कुणी कबूल करत नाही. बेग्गाच्या मनात आलं, आणि तिला स्वतःची किळस आली. मग ती उठली, आत गेली आणि तिनं सोल्वीला फोन केला. तेवढा प्रामाणिकपणा तिच्यात होता. वडिलांची मुलगी होती ती.

सोल्वीनं सगळ्या मेंढ्यांचे कान तपासायला नेले. आता कायदा थोडा बदलला होता. ज्यांच्यात तो मणी असेल त्यांना मारायचं नाही. निकाल घेऊन तो स्वतः आला आणि टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला.

"किती?" बेग्गानं विचारलं.

"एक."

"कुठली?" तिनं विचारलं, आणि विचारतानाच तिला कळलं.

ट्रक आला तो दिवस मी सांगत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायची गरज नाही, आणि इतरांना सांगून उपयोग नाही. बेग्गानं प्रत्येक मेंढीला स्वतः हातानं वर चढवलं. ती देखणी पाठ शेवटची चढली. त्यानंतर माणसं आली, गोठ्यातलं जुनं लाकूड काढून जाळलं, भिंती धुतल्या, आणि एका कोपऱ्यात कोरी फळी ठोकून महाराणीला कप्पा करून दिला.

महाराणी ओरडायला लागली. मेंढी म्हणजे कळपाचं जनावर. एकटी मेंढी कशी राहणार! दिवसभर रिकाम्या गोठ्यात तिचा आवाज घुमायचा. दुसऱ्या दिवसापासून तिनं चारा सोडला. बेग्गानं सगळ्यांत चांगलं गवत काढलं, हाताला थोडं मीठ लावून पुढे केलं. मेंढी भिंतीकडे तोंड करून उभी. बेग्गा विणकाम घेऊन तिच्या शेजारी बसली, तिच्याशी बोलली, जुनी गाणी म्हटली. मेंढीची कूस आत जायला लागली. जिला शेवटी चारा मिळायचा, तिच्यापुढे आता अख्खा गोठाभर चारा होता, आणि ती तोंड लावत नव्हती.

"मर एकदाची," बेग्गा म्हणाली. आणि लगेच तिच्या गळ्यात हात टाकून, तिच्या घाणेरड्या करड्या लोकरीत तोंड खुपसून ती ढसाढसा रडली. हाल्सकोटच्या कानखुणेची ही शेवटची मेंढी होती. ही गेली की वडिलांचा गोठा संपला.

मग ती चेहरा धुऊन नदीपलीकडे गेली.

ह्रेफ्ना गोठ्यात होती. गोठा भरलेला, उबदार, सगळीकडे चघळण्याचा आवाज. बेग्गाला दारातच पोटात दुखलं. एवढं होऊनही दुखलंच.

"काय गं?" ह्रेफ्ना म्हणाली. "मेली का?"

"खात नाही. एकटी आहे ना," बेग्गा म्हणाली. "सोबत हवीय तिला. तुझ्या करड्यांतल्या एक-दोन देशील? सोल्वी म्हणाला, या घराण्यातल्या चालतील."

ह्रेफ्ना दाताळ्यानं गवत सारत राहिली. बेग्गाला ते सहन होईना. "हस की! हसायचं असलं तर हसून घे. सगळ्या जन्माचं हस."

"मी कशाला हसू?"

"तू नेहमी हसतेस. ते पांढरं कोकरू मागितलं तेव्हापण हसलीस. तुला कशाचंच काही वाटत नाही."

ह्रेफ्नानं हातातलं दाताळं भिंतीला टेकवलं. "बेग्गा, त्या कोकरासाठी मी रात्रभर रडले होते. नवरा म्हणाला, जा आणि परत माग. मी म्हटलं, बाबा गेलेत, तिच्याकडे दुसरं काय आहे, राहू दे तिला." मग ती म्हणाली, "आणि दर वर्षी प्रदर्शनात तुझ्या एडक्याला चषक मिळाला ना, की मला वाटायचं, ते माझं कोकरू आहे. मूळ ते माझंच. मी हसायचे, कारण नाहीतर तुझ्या झिंज्या धरल्या असत्या मी."

बेग्गा बघतच राहिली. एवढी वर्षं आपण एकट्याच जळतोय असं तिला वाटत होतं. ती जवळच्या मेंढीच्या पाठीवर हात फिरवायला लागली.

"हात काढ," ह्रेफ्ना म्हणाली. "या वेळी तू निवडायची नाहीस. मी देईन ती घ्यायची."

तिनं दोन निवडल्या. एक तिच्या गोठ्यातली सगळ्यांत वाकडी, आणि दुसरी तिची लाडकी, जिला ती स्वयंपाकघराच्या दारातून भाकरीचा तुकडा द्यायची. बेग्गानं पाठीला हात न लावता दोघींची शिंगं धरली.

हाल्सकोटच्या गोठ्यात त्या दोघींना आत सोडलं. महाराणी ओरडायची थांबली, वळली आणि बघत राहिली. पाहुण्या तिच्याकडे ढुंकूनही न बघता थेट गव्हाणीकडे गेल्या आणि ते मीठ लावलेलं, सगळ्यांत चांगलं गवत कराकरा खायला लागल्या. महाराणीनं ते दोन क्षण पाहिलं. मग खाली मान घालून ती अशी धावली, की वाकडीला तिनं ढुशी मारून बाजूला पाडलं, लाडकीला खांद्यानं ढकललं, आणि गव्हाणीत तोंड खुपसून हावरटासारखी खायला लागली. दुसऱ्या कुणी तोंड घातलं की लगेच शिंग.

दोघी बहिणी फळीला टेकून बघत होत्या.

"बघ," ह्रेफ्ना म्हणाली, "आता काही शंका राहिली नाही. तुझीच आहे ही."

बेग्गानं डोळे पुसले. "खाऊ दे तिला," ती म्हणाली.